आईचं काम

१२ ऑगस्ट, सोमवार

विद्यापीठात जायला लागून महिना होत आला आणि आज पहिल्यांदा वर्गातलं कुणी माझ्याशी आपणहून बोललं.

सकाळच्या डेमू गाडीनं दौंडहून पुणे, संध्याकाळी परत. चित्रपट आणि माध्यमांचं एम.ए. वर्गात सगळी बावीस-तेविशीची पोरं, मी त्रेचाळीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी दारातून आत गेले तर पुढच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मॅडम आल्या. मग हसल्या, मीही हसले. तेव्हापासून सगळ्यांची काकू झाले. जेवायच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला जातात. मी वर्गातच डबा खाते.

आज गाडीत समोरच्या बाकावर वर्गातलाच सम्राट येऊन बसला. "काकू, तुम्ही पण याच गाडीला?" तो दौंडचाच निघाला. त्याची आई कुरकुंभला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम करते. यवत येईपर्यंत बोलत होता. तुम्ही का आलात या कोर्सला, म्हणाला. मी खरं सांगितलं. रेल्वे कॉलनीतले गणपती, हळदीकुंकू, कुणाकुणाचा सेंडऑफ, सगळ्यांचे व्हिडिओ मी मोबाइलवर काढायचे, जोडायचे, गाणी टाकायचे. वाटलं, हे नीट शिकावं. वयाची अट नव्हती.

ह्यांना विचारलं होतं तेव्हा म्हणाले, "कर की." बस. आणि पेटी उचलून ड्युटीला गेले. हे मालगाडीचे गार्ड. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण कॉलनीत अजून जयसिंग गार्डच. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकट्यानं बसायचं. बोलायची सवयच मोडली असेल. पण एखादा प्रश्न तरी विचारावा माणसानं.

२२ सप्टेंबर, रविवार

शिरूरला जाऊन आले. वर्गातल्या हर्षदाचं घर तिथं. तिला पाच मिनिटांची फिल्म करायची होती. मुलाची वाट बघणारी आई. "काकू, तुम्ही आईचं काम कराल का?" मी हो म्हटलं, कुणीतरी बोलावलं याचाच आनंद.

काम काहीच नव्हतं. ताट वाढायचं, झाकायचं, दाराकडे बघायचं, झाकण काढून पुन्हा झाकायचं. मी बघत बसले. हर्षदा 'कट' म्हणायचीच विसरली. नंतर तिनं मला मिठी मारली. कॅमेऱ्यावरचा मुलगा डोळे पुसत होता.

चहा घेताना कुणीतरी विचारलं, "काकू, तुमची मुलं काय करतात?"

मी म्हटलं, "एकच आहे. तुमच्याच वयाचा."

"नाव काय?"

"रुद्र. कोल्हापूरला शिकतो."

आम्हाला मूल नाही. हे वाक्य लिहायला आत्ता पेन उचलून दोनदा खाली ठेवलं. मी खोटं बोलणारी बाई नाही. आता पुढच्या वेळी कुणी विचारलं की खरं सांगून टाकेन.

८ ऑक्टोबर

आज तिसऱ्यांदा आई झाले. आजच्या फिल्ममध्ये मेले. पांढऱ्या चादरीखाली पडून होते, नाकावर माशी बसली तरी हलले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला कॅमेऱ्यामागे उभं राहायचं होतं. तसं म्हटलंही. "काकू, ट्रायपॉड जड असतो, तुम्ही दमाल," पोरं म्हणाली. शूटिंग संपलं की सगळी कोंडाळं करून फुटेज बघतात, भांडतात, हसतात. मी साड्यांच्या घड्या घालत बसते. काम असतं तोवर मी त्यांच्यात असते.

रुद्रबद्दल अजून खरं सांगितलेलं नाही. उलट आज मीच म्हणाले, त्याला तिखट चालत नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भांडगावला माहेरी. आईनं शेजारणींना सांगून ठेवलंय, प्रतिभा टीव्हीत जाणार हाय. मी म्हटलं, आई, मी टीव्हीत जाणार नाही. "मंग कशात जाणार?" भावाची पोरं मोबाइल हिसकावत होती. त्यांचाच व्हिडिओ काढला.

आईचं नाव गिताबाई असलं तरी गावात सगळे तिला मोठी आईच म्हणतात. निघताना तिनं नेहमीसारखा माझ्या पोटावरून हात फिरवला आणि नेहमीसारखा पटकन मागं घेतला. तिच्या लक्षातही येत नसेल.

२१ नोव्हेंबर

हल्ली दोन डबे करते. सम्राट सकाळी घाईत येतो, त्याच्या तोंडावर भूक दिसते. पोरांची जात, सांगणार नाहीत. आज मेथीचं पिठलं आणि बाजरीची भाकरी दिली. लोणी काळभोर यायच्या आत डबा रिकामा. त्यानं त्याच्या फिल्मची गोष्ट सांगितली, आवडलेल्या मुलीचंही सांगितलं, तिनं नाही म्हटलं तेही. म्हणाला, "रुद्र पण तुमच्याशी एवढं बोलतो?"

मी म्हटलं, "नाही रे. तो अबोल आहे. त्याच्या वडिलांवर गेलाय."

किती सहज येतं तोंडात. आणि सांगताना बरं वाटतं, तेही लिहून ठेवते. खोटं कशाला.

१५ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

सम्राट त्याच्या फिल्मसाठी आमचं क्वार्टर बघायला आला. हे घरी असतील असं मला वाटलं नव्हतं, पण ड्युटी बदलली होती. दोघं बाहेरच्या खोलीत बसले. मी आत चहा ठेवला होता. सम्राटचा आवाज आला, "काका, रुद्र कधी येणार सुट्टीला?"

माझ्या हातातली साखर ओट्यावर सांडली. मग हे म्हणाले, "आत्ता कसा यील? परीक्षा हायेत त्याच्या. झाल्या की यील."

"त्याला पण फिल्मचं आवडतं का?"

"न्हाई. त्याला गाड्यांचं येड. लहानपणापासून."

मी चहा नेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कप घेतला, बशीत ओतला. सम्राट गेल्यावर दोरीवरचा टॉवेल घेऊन अंघोळीला गेले.

मला आरडाओरडा चालला असता.

१८ डिसेंबर

तीन दिवस एक शब्द नाही. आज ड्युटीचा कॉल आला, हे निघाले. बुटांच्या नाड्या बांधताना मान खाली घालूनच म्हणाले, "नाव तर तेच सांगितलंस."

मी म्हटलं, "तोंडात आलं."

"हं," म्हणाले आणि गेले.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दिवस राहिले होते. चौथा महिना पुरा व्हायच्या आत गेलं सगळं. मुलगा असता तर रुद्र, हे तेव्हा ह्यांनी ठरवलं होतं. पुढं पुण्यातले दवाखाने झाले, मग तेही बंद झाले. त्यानंतर ते नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. मला वाटायचं, हे विसरले.

१७ जानेवारी

संध्याकाळी स्टेशनवर उतरले तर एक बाई माझी वाट बघत उभ्या होत्या. सम्राटची आई, भागुबाई. कंपनीतून थेट आल्या होत्या, डोक्याचा रुमाल तसाच. फार अदबीनं बोलल्या. सम्राट तुमचं लई नाव काढतो, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. मी पहाटं उठून त्याचा डबा करते. रोज भरलेला परत येतो."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." खरंच नव्हतं का, ते आता सांगता येत नाही.

"तुम्हाला बी पोरगा हाय. तुम्हाला समजंल," म्हणाल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या.

रिकामी पिशवी घेऊन कॉलनीतून चालत आले. मी काय वाईट केलं, फक्त भाकरीच दिली ना. उद्यापासून एकच डबा.

६ फेब्रुवारी

सम्राटला कळलं. आज ना उद्या कळणारच होतं.

तो त्याच्या फिल्मच्या शूटिंगसाठी आमच्याकडे ठेवलेला ट्रायपॉड न्यायला क्वार्टरवर आला. मी घरी नव्हते. शेजारच्या रंगुबाईंना त्यानं विचारलं, रुद्र आलाय का. त्या म्हणाल्या, कोण रुद्र, या घरात पोरगं न्हाई बाबा, कधीच नव्हतं. रंगुबाईंनीच मला सांगितलं, हसत हसत. कुणाचं तरी घर चुकला बघ तो.

७ फेब्रुवारी

तो गाडीत दुसऱ्या डब्यात बसला. पुण्याला उतरल्यावर मी त्याला गाठलं. गर्दीतच उभे राहिलो.

तो म्हणाला, "काकू, मी तुम्हाला सगळं सांगितलं. आईला न सांगितलेलं पण सांगितलं. मला रुद्रचा हेवा वाटायचा, माहितीये? की त्याला घरी असं कोणीतरी आहे."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्हाला मूल नाही याचं मला काय असणार होतं? माझ्याशी खोटं बोलायची गरज नव्हती." आवाज चढला नव्हता. मग पाठीवरची बॅग सारखी केली आणि पुढं गेला. मी मुद्दाम हळू चालले, त्याला वाटू नये की मागं येतेय.

२० फेब्रुवारी

वर्गात सगळ्यांना माहीत झालंय. कुणी वाकडं बोललं नाही. उलट फार गोड बोलतात. मी आत आले की आवाज खाली जातात, खुर्ची सरकवून देतात. हर्षदाच्या पुढच्या फिल्ममध्ये आईचं काम होतं, ते तिनं तिच्या मावशीला दिलं. म्हणाली, "काकू, तुम्हाला त्रास नको." मी म्हटलं बरं.

आता मी आईही नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारी बाई आहे.

घरी हे आठवडाभर नाहीत. सोलापूर, वाडी, परत सोलापूर. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही.

५ मार्च

परीक्षेसाठी प्रत्येकानं स्वतःची फिल्म करायची आहे. माझी संहिता आम्हाला शिकवणाऱ्या काळोखे मॅडमना दिली होती. शहरात गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई. मॅडमनी वाचली, चष्मा काढला. म्हणाल्या, बरी आहे, पण ही वर्गातल्या इतरांच्या फिल्मसारखीच आहे, यात तुम्ही कुठं आहात? मग पानावर बोट ठेवून विचारलं, "ही बाई दिवसभर काय करते? हिचा मुलगा नेमका असतो कुठं?"

माझ्या तोंडून निघालं, "तिला मुलगा नाही."

मॅडमनी पान खाली ठेवलं.

"मुलगीही नाही. तिला मूल नाही," मी म्हटलं. वर्ग भरलेला होता, सगळ्यांनी ऐकलं.

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "मग ते लिहा," म्हणाल्या.

१६ मार्च, रविवार

आज शूटिंग होतं. गोष्ट एवढीच, क्वार्टरमधली एक बाई, तिचा एक दिवस, संध्याकाळी नवरा ड्युटीवरून येतो. कॅमेरा हर्षदा करणार होती. सकाळी फोन आला, दुसऱ्यांचं शूटिंग लांबलंय, आज जमणार नाही, सॉरी काकू. बाकी कुणाला विचारावं असं कुणी राहिलं नव्हतं. कॅमेरा विभागाकडून आजच्यापुरताच मिळाला होता.

मी बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. हे आतून आले, म्हणाले, "काय उचलायचंय?"

ह्यांनी रजा टाकली होती. मला सांगितलं नव्हतं. ट्रायपॉड उचलला, मी सांगेन तिथं ठेवला. दिवसभर मी कॅमेरा लावायचा, पळत जाऊन समोर बसायचं, काम करायचं, पळत येऊन बघायचं. फ्रेममध्ये माझं डोकं कापलं जात होतं, ते ह्यांच्या लक्षात आलं. खुणेनं सांगायचे, खाली, अजून खाली. दुपारी एकदा हसलोसुद्धा.

नवऱ्याचं काम करायला कुणी नव्हतं, म्हणून ह्यांनाच घेतलं. एकच वाक्य दिलं होतं. पायरीवर दोघं चहा पितात, तो म्हणतो, आज गाडी लेट झाली. ती म्हणते, हं. तो कप खाली ठेवतो. संपलं. ह्यांनी ते वाक्य बाथरूममध्ये म्हणून पाहिलं, मी ऐकलं.

उन्हं कलल्यावर टेक घेतला. कॅमेरा चालू करून मी शेजारी येऊन बसले. चहा घेतला.

"आज गाडी लेट झाली."

"हं."

ह्यांनी कप खाली ठेवला नाही. हातातच धरून राहिले. मग समोर बघत म्हणाले, "त्या पोरानं रुद्रचं इचारलं ना, तवा मला काय रचून सांगावं लागलं न्हाई."

मी माझा कप पायरीवर ठेवला.

"ब्रेकव्हॅनमधी मी बोलत असतो त्याच्याशी. लई वर्सं झाली. लहान हुता तवा स्टेशनांची नावं शिकवली. पाटस, कडेठाण, केडगाव. चुकायचा. आता मोठा झालाय. ऐकतो, न्हाई ऐकत. परीक्षा असली की मी बी जास्त बोलत न्हाई."

चहावर साय धरली होती.

मी म्हटलं, "मला कधी बोलला नाहीत."

"तुला तरास झाला असता. तू सगळं मिटवून टाकलं हुतंस. कपाटातलं ते झबलंसुदीक देऊन टाकलंस. मला वाटलं, तुला आठवण बी नकोय."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसत होता. मला उठून बंद करता आलं नाही. शेवटी हेच म्हणाले, "झालं का तुझं काढून?"

२२ मार्च

विभागात एडिटिंगला बसते. हेडफोन लावून ह्यांच्या बोलण्याचा तेवढाच तुकडा ऐकते. वर्षभरात या विभागात मी जेवढं काम पाहिलं, त्यात याच्याइतकं खरं काही नाही. हे सांगायला मॅडमची गरज नाही, मला कळतं. हा तुकडा ठेवला तर फिल्म उभी राहते. काढला तर एक बाई दिवसभर घरकाम करते, एवढंच उरतं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुझी परीक्षा हाय ना? ठिव की."

तोच आवाज, 'कर की' म्हणतानाचा. तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांना काही पडलेलं नाही.

२७ मार्च

सम्राट आज माझ्या समोरच्या बाकावर बसला. हडपसरपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग डबा उघडला, त्याच्या आईनं केलेला. अर्धी भाकरी तोडून माझ्यापुढं धरली. वर चटणी होती. आम्ही दोघांनी खाल्ली. तो रुद्रबद्दल बोलला नाही, मीही नाही. उतरताना म्हणाला, साउंडचं काही अडलं तर सांगा.

मी सांगणार नाही. त्या साउंडमध्ये काय आहे ते त्यानं ऐकायला नको.

३ एप्रिल

तो तुकडा काढला. कुणी सांगितलं म्हणून नाही. ते बोलणं माझ्यासाठी होतं, आणि मधे कॅमेरा आहे हे ते विसरले होते की नव्हते, मला ठरवता येत नाही. दोन मनं असताना वर्गासमोर ठेवायचं नाही.

आता फिल्म "हं" पर्यंत आहे. त्यानंतर ते हातात कप धरून बघतात, तोंड उघडतात, आणि काळोख.

१२ एप्रिल

आज विभागात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. माझी शेवटून दुसरी. अंधारात माझंच स्वयंपाकघर एवढं मोठं बघताना लाज वाटली. फरशीचा तुकडा निघालाय तो दिसत होता. मी झाडते, तांदूळ निवडते, दोरीवर एका पुरुषाचे आणि एका बाईचे कपडे वाळत घालते. कुणी खोकलं नाही.

दिवे लागल्यावर काळोखे मॅडम म्हणाल्या, मधला भाग रेंगाळतो, आणि शेवट अर्धवट आहे. तो काहीतरी बोलणार असं वाटतं आणि तुम्ही कापता. मी वहीत लिहून घेतलं. हर्षदानं हात वर केला. "काकू, पण काय बोलणार असतो तो?"

"बायकोशी बोलणार असतो," मी म्हटलं.

"हो, पण काय?"

"ते तिला माहीत आहे."

सम्राट माझ्याकडे बघत होता. मॅडमनी पुढची फिल्म लावा म्हटलं. मला मधले गुण पडतील. पडू देत.

परतीच्या गाडीत एकटीच होते, सम्राट पुण्यालाच थांबला. दिवस मावळताना घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, चहा टाकला. कॉलनीत कुणाकडे तरी वाढदिवस होता, फुगे फुटत होते. क्वार्टरमध्ये कुणी नव्हतं. रोजच नसतं. आज जास्त जाणवलं, कारण सांगण्यासारखं काहीतरी होतं.

मी ह्यांना फोन लावला. एरवी मी लावत नाही. सोलापूरला रनिंग रूममध्ये, गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, होते. आवाज ऐकून घाबरले, काय झालं म्हणाले. मी म्हटलं काही नाही. फिल्म दाखवली. तुमचं बोलणं ठेवलं नाही. तिकडून पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बरं केलंस."

मी फोन ठेवणार होते. ठेवला नाही.

"आज गाडीत काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

मला वाटलं, चुकलं माझं.

"भिगवणला गाडी उभी हुती," ते म्हणाले. "धरणाच्या पाण्यात ते गुलाबी पक्षी हायेत अजून. ह्या वक्ताला निघून जात असत्यात, पण हायेत. ते दावले त्याला."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार. फोटो काढा म्हणाला, आईला दावू."